कान तुटला, कप्पा नव्हे

गाडीच्या डॅशबोर्डचा कप्पा तुटला की तो बदलायचा असतो, दुरुस्त करायचा नसतो, हे मत आता इतके सर्रास झाले आहे की कुरुंद्यासारख्या गावातही लोक ते स्वतःचे म्हणून बोलू लागले आहेत. नांदेडच्या एखाद्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ते पहिल्यांदा कानी पडते, पुण्याहून दिवाळीला आलेला पुतण्या त्याला दुजोरा देतो, आणि मग घरी गाडी असलेला माणूस गावातल्या गॅरेजपुढून जाताना थांबेनासा होतो. काही महिने कप्प्याला दोरी बांधून फिरतो आणि शेवटी नांदेडला जाऊन अख्खा नवा कप्पा घेऊन येतो. या मतात तथ्य फार थोडे आहे. जे आहे तेही दुरुस्तीच्या विरोधात जात नाही, चांगल्या दुरुस्तीच्या बाजूनेच जाते.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातल्या या कुरुंद्यावरूनच विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या घराण्याला आडनाव मिळाले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचे आणि मगच खोडायचे, ही शिस्त त्यांच्या लेखनात पानोपानी दिसते. विषय प्लास्टिकच्या कप्प्याचा असला तरी ती पाळायला हरकत नाही.

‘बदला’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे. प्लास्टिक एकदा तडकले की गेले. पत्र्याला देतात तसा त्याला डाग देता येत नाही. चिकटवले तर महिनाभर टिकेल, पुढे पुन्हा तेच. कप्प्याच्या आसपास एअरबॅग असते, वायरिंग असते. तिथे गावातल्या मेकॅनिकने ड्रिल घेऊन शिरणे धोक्याचे. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाने हात लावल्यावर कंपनी हात वर करते. आणि एवढा खटाटोप करून वाचवायचे काय, तर प्लास्टिकचा एक डबा. माणसाच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? यातला एकही मुद्दा वेडगळ नाही. म्हणून एकेकाला नीट उत्तर दिले पाहिजे.

आधी हे बघू की नेमके तुटते काय. बहुतेक छोट्या गाड्यांत हा कप्पा खालच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर झुलतो. वर मधोमध खटका असतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर आलेले दोन कान असतात, बोटाच्या पेराएवढे. कप्पा उघडला की हे कान डॅशबोर्डच्या कडेला अडतात आणि तो ठरावीक कोनापलीकडे खाली पडत नाही. कप्पा पुरता उतरवायचा असेल तर दोन्ही भिंती आत दाबून कान मोकळे करायचे, की तो हातात येतो. आता गोम अशी की अनेक गाड्यांत एसीचा केबिन फिल्टर याच कप्प्याच्या मागे बसवलेला असतो. फिल्टर साफ करायचा म्हटले की कप्पा उतरवावा लागतो. मराठवाड्याच्या धुळीत तो दरवर्षी साफ करावाच लागतो. बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा पृष्ठभाग 70 अंशांच्या आसपास तापतो. असे उन्हाळे काढलेले प्लास्टिक आपली लवचीकता गमावते. घाईतला कामगार भिंत दाबण्याऐवजी कप्पा ओढतो आणि एक कान मोडतो. ही चूक वापरणाऱ्याची म्हणता येणार नाही. जो भाग वारंवार काढावा लागणार आहे त्याला लागेल इतका तो कान जाड केलेला नव्हता.

दुसरे कारण वजन. हळदीच्या मोसमात वसमतच्या मोंढ्यातून परतणाऱ्या गाडीचा कप्पा उघडून बघा. आडतीवरच्या पट्ट्या, पान्हा, ट्रॅक्टरची एखादी पिन, पाण्याची बाटली, टोकाईच्या दर्शनाहून आणलेला नारळ, गाडीची कागदपत्रे, मोबाइलचे चार्जर. भिंती हे वजन सहज पेलतात. पण कप्पा बंद असताना खड्ड्याचा प्रत्येक धक्का खटका आणि बिजागरी सोसतात, आणि कप्पा उघडताना सगळे वजन धाडकन कानांवर येते. म्हणजे मोडण्याच्या जागा तीनच: कान, बिजागरी, खटका. पाणी शिरलेल्या गाडीतही हेच घडते. 2022 च्या जुलैत पुराचे पाणी कुरुंद्यातल्या घराघरांत शिरले होते. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कप्प्याचे प्लास्टिक धड राहते. गंजते ती खटक्यातली स्प्रिंग.

तळ शाबूत आहे, भिंती शाबूत आहेत, बाहेरचे दाणेदार तोंड शाबूत आहे, आणि तरी निदान होते ‘कप्पा गेला’. दाराची कडी मोडली म्हणून कोणी चौकट उखडत नाही. कप्प्याच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने मान्य करतो, कारण काउंटरवर कडी सुटी मिळत नाही. सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. सुटा कान विकत नाहीत, बहुतेकदा सुटा खटकाही विकत नाहीत. विकतात ती पूर्ण असेंब्ली. आणि जे विकत नाहीत ते दुरुस्तच होत नाही, असे ग्राहकाला सांगितले जाते. विक्रीची सोय हा पदार्थाचा गुणधर्म म्हणून खपवला जातो, याला माझा पहिला आक्षेप आहे.

आता पदार्थाबद्दल. ‘चिकटवलेले टिकत नाही’ हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि कुठले अर्धे ते कळले की दुरुस्ती जमते. कप्पा उतरवून उलटा करा. आतल्या बाजूला एखाद्या कोपऱ्यात दोन कोनी कंसांमध्ये उठावाची बारीक इंग्रजी अक्षरे सापडतात. आयएसओ 11469 या मानकाप्रमाणे प्लास्टिकच्या सुट्या भागांवर ती खूण करतात, मुळात भंगारात प्लास्टिकच्या जाती वेगळ्या करता याव्यात म्हणून. पीपी असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. पुढे टीडी20 असेल तर त्यात 20 टक्के टाल्कची पूड आहे. एबीएस असेल तर ते अगदी वेगळे प्लास्टिक. तुकडा पाण्यात टाकून बघा, तरंगला तर पीपी, असे काही जण सांगतात. शुद्ध पीपीची घनता 0.9 च्या आसपास असल्याने ते तरंगते हे बरोबर आहे, पण टाल्क मिसळलेले पीपी पाण्याहून जड होते आणि बुडते. गाडीत नेमके तेच वापरतात. तेव्हा पाण्याच्या परीक्षेवर विसंबू नये, अक्षरे वाचावीत.

एबीएस असेल तर काम सोपे. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये भिजवले की काकवीसारखा दाट रस तयार होतो. तडीच्या दोन्ही कडांना तो लावून त्या दाबून धरल्या की कडा विरघळून एकमेकींत मिसळतात, आणि ॲसिटोन उडून गेल्यावर तिथे गोंद उरत नाही, उरते ते एबीएसच. एक अख्खा दिवस वाळू द्यावे. काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी नको, कारण ॲसिटोन भडकते. आणि रस कप्प्याच्या बाहेरच्या तोंडावर सांडू देऊ नये, तिथला दाणा कायमचा मिटतो.

पीपी मात्र हट्टी आहे. त्याच्या पृष्ठभागाला साधा गोंद धरतच नाही; झटपट चिकटवणारे थेंबही नाही, दोन नळ्यांचे इपॉक्सीही नाही. लोक म्हणतात चिकटवलेले महिन्यात सुटले, ते याच प्लास्टिकवर, याच गोंदाने. तो अनुभव खरा आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच की पीपी चिकटवायचे नसते. ते वितळवून जोडायचे असते. पत्र्याला डाग देतात तसा प्लास्टिकला देता येत नाही, हे प्रतिपक्षाचे गृहीतकच इथे कोसळते. बंपर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी ते कधीच खोटे ठरवले आहे.

कुरुंद्यातल्या एका गॅरेजात हे काम मी शेजारी बसून पाहिले. तिथल्या पोराने आधी कप्पा साबणाच्या पाण्याने घासून धुतला, कारण डॅशबोर्ड चमकवायला जे पॉलिश मारतात त्याचा तेलकट थर जोडाला बसू देत नाही. मोडलेल्या कानाच्या बुडापासून भिंतीत एक तड गेली होती. तड जिथे संपत होती तिथे त्याने बारीक छिद्र पाडले, ती पुढे सरकू नये म्हणून. मग मागच्या बाजूने तडीवर व्ही आकाराची खाच कोरली. स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा कापून, सोल्डरिंग आयर्नचे टोक फिरवत, तो भिंतीत असा दाबत नेला की जाळी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये बुडाली आणि वर दिसेनाशी झाली. नंतर एका जुन्या मोडक्या कप्प्यातून कापलेल्या पीपीच्या पट्ट्या वितळवून खाच भरली. नवा कानही त्याच मोडक्या कप्प्यातून कापला. त्याच्या बुडाखालून जाळी दोन-तीन सेंटिमीटर भिंतीवर पसरवली होती, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता सबंध जागेवर वाटली जावी.

मी विचारले, आधी फेविक्विकने धरून ठेवले असते तर सोपे गेले नसते का? तो म्हणाला, “नगं काका. एकदा ते लावलं की जोड बसत नाही मग. तापवलं की डोळ्याला झोंबतंय अन् पापुद्रा सुटतंय.” हे शंभर टक्के बरोबर आहे. गोंदाचा थर मध्ये राहिला की प्लास्टिक प्लास्टिकला मिळत नाही, आणि तापवलेल्या गोंदाची वाफ डोळ्यांना व घशाला झोंबते. तापमानाबद्दलही त्याचा हात तयार होता. पीपी 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळते. आयर्नचे टोक 300 च्या वर जाते. टोक एका जागी रेंगाळले की धूर निघतो, प्लास्टिक जळते आणि तो जोड कितीही गुळगुळीत दिसला तरी कच्चा राहतो. म्हणून हात चालता ठेवायचा, आणि झाल्यावर पाण्यात बुडवून घाईने गार करायचे नाही. बिजागरीची पिन गेलेली असेल तर सायकलच्या चाकातली तार कापून बसवतात; साधारण दोन मिलिमीटर जाडीची, पोलादी. मूळच्या प्लास्टिकच्या पिनेपेक्षा ती नक्कीच दणकट.

इथे मला दुसऱ्या एका टोळीशीही भांडायचे आहे. ही मंडळी दुरुस्तीच्या बाजूची असल्यासारखी बोलतात. ‘आपली माणसे मोठी जुगाडू हो’ म्हणत ती खेड्यातल्या कारागिराचे कौतुक करतात आणि कप्प्याला गुंडाळलेली चिकटपट्टी, ट्यूबचे रबर, खिडकीचा पडदा अडकवायचा हूक यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवतात. हे कौतुक कारागिराचा अपमान आहे. वर वर्णन केलेल्या कामात पदार्थाची ओळख आहे, तापमानाचा अंदाज आहे, ओढ कुठून कुठे जाते याचा विचार आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत हेच काम झाले तर त्याला तंत्र म्हणतात, मग कुरुंद्यात झाले की त्याला जुगाड का म्हणायचे? चिकटपट्टी ही दुरुस्ती नाही. घरी पोहोचेपर्यंतची तजवीज आहे. आणि जो मेकॅनिक चिकटपट्टी लावून ‘झालं, बिनधास्त जा’ म्हणतो, त्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही. त्याच्यामुळेच प्रतिपक्षाला बोलायला जागा मिळते.

एअरबॅगचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायचा आहे. 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलांना आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून आधीच्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांनाही ड्रायव्हरशेजारच्या प्रवाशासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ती डॅशबोर्डमध्ये, कप्प्याच्या वरच्या बाजूला असते. तिथे लांब स्क्रू ठोकणे किंवा ड्रिल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ, यात वाद नाही. पण वर सांगितलेले सगळे काम पुन्हा वाचा. त्यातला कोणताही टप्पा गाडीत होत नाही. कप्पा उतरतो, टेबलावर येतो, दुरुस्ती टेबलावर होते. नवा कप्पा बसवणारा कामगार डॅशबोर्डपाशी जेवढा हात घालतो तेवढाच दुरुस्त कप्पा बसवणाराही घालतो. किंबहुना वर्षाला फिल्टर साफ करणाराही घालतोच. मग धोका दुरुस्तीत कुठून आला? खबरदारी दोघांनाही सारखीच: काम डॅशबोर्डच्या आतपर्यंत जाणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबायचे, पिवळ्या कनेक्टरना हात लावायचा नाही, आणि डॅशबोर्डच्या मूळ अंगात नवे छिद्र पाडायचे नाही. मोडके अंग कप्प्याच्या बाजूला नसून डॅशबोर्डच्या बाजूला असेल, तर गावातल्या गॅरेजने ‘हे माझे काम नाही’ असे स्पष्ट सांगावे. असे सांगणारा मेकॅनिक मला दुप्पट विश्वासाचा वाटतो.

सुरक्षेचा आणखी एक पैलू प्रतिपक्षाला सहसा आठवत नाही, म्हणून तोही मांडतो. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमावलीत 201 क्रमांकाचे मानक आहे. त्यात अशी अट आहे की अपघाताच्या धक्क्यात गाडीच्या आतल्या कप्प्यांची दारे उघडता कामा नयेत. कारण साधे आहे. उघडलेले झाकण समोर बसलेल्याच्या गुडघ्यात घुसते आणि आतला पान्हा उडून अंगावर येतो. म्हणजे खटका घट्ट लागणे ही शोभेची गोष्ट नाही. खटक्याची जीभ झिजली असेल तर ती भरत बसू नये. खटका नवा, नाहीतर जुन्या गाडीतून काढलेला धड, असाच बसवावा. आणि कप्पा मजबूत करण्यासाठी बाहेरच्या तोंडावर लोखंडी पट्टी कधीच लावू नये. गुडघा आपटतो तिथे धारदार काही नको. जाळी आतून बुडवायची ती यासाठीच. आता सांगा, सुरक्षेचा मुद्दा कुणाच्या विरोधात गेला? नव्या कप्प्याचे पैसे एकदम जमत नाहीत म्हणून दोरी बांधून हिंडणाऱ्याच्या विरोधात. आणि त्याला दोरीपर्यंत आणले ते ‘बदला नाहीतर सोडा’ या सल्ल्याने.

वॉरंटीची भीती ही सर्वांत प्रभावी भीती आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे लोकांना सर्वांत कमी माहिती आहे. शमशेर कटारिया यांनी 2011 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्यांचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत आणि त्यामुळे स्वतंत्र गॅरेजांना कामच करता येत नाही. आयोगाने चौकशी वाढवत नेली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कंपन्यांवर एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत देशी होत्या, जपानी होत्या, जर्मन आणि अमेरिकी होत्या. दंडापेक्षा मला त्या आदेशातले निर्देश मोलाचे वाटतात. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा, असे आयोगाने सांगितले. आणि वॉरंटीबाबत म्हटले की ग्राहक बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे अपिले झाली, 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या दंडाचे गणित बदलले, प्रकरण लांबत गेले. पण आयोगाचा विचार स्वच्छ आहे. कप्प्याचा कान गावात जोडला म्हणून इंजिनाची वॉरंटी जाते, असे कुणी काउंटरवरून सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा.

दुरुस्तीच्या हक्काची ही लढाई आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये याच हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारी होत्या आणि शेतीची अवजारेही होती. त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळही सुरू झाले. कुरुंद्यासाठी यातला शेती-अवजारांचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. ऊस आणि हळद यांवर जगणाऱ्या या गावात कार मोजक्या घरांत असेल. ट्रॅक्टर, पंप, फवारणी यंत्र यांच्याशी रोजचा संबंध आहे. आज कप्प्याच्या कानाबद्दल ‘हे दुरुस्त होत नसते’ हे वाक्य आपण ऐकून घेतले, तर उद्या ट्रॅक्टरच्या सेन्सरबद्दल ते ऐकून घ्यायची सवय लागलेली असेल. म्हणून एवढ्याशा प्लास्टिकवर मी एवढे लिहितो आहे.

वेळेच्या किमतीबद्दल थोडक्यात. कुरुंद्याहून नांदेडला गाडी घेऊन जायचे, भाग शिल्लक नाही म्हणून मागणी नोंदवायची, आल्यावर पुन्हा जायचे: दोन दिवसांचा रोजगार बुडतो. गावात कप्पा सकाळी टाकून गेले तर संध्याकाळी मिळतो, आणि तेवढा वेळ गाडी कप्प्याविना चालतेच. नव्या कप्प्याचेही प्रश्न असतात. जुना डॅशबोर्ड उन्हाने फिकटलेला, नवा कप्पा गडद; रंग जुळत नाही. कप्प्याला कुलूप असेल तर नव्याची किल्ली वेगळी, म्हणजे एक किल्ली वाढली. जुन्या कप्प्याचे काय होते तेही बघा. टाल्क मिसळलेले एवढेसे प्लास्टिक वेचून कारखान्यापर्यंत पोहोचवणारी साखळी गावात नाही. ते उकिरड्यावर जाते, नाहीतर शेकोटीत. गाडी विकताना दुरुस्त कप्प्यामुळे किंमत पडते, हा मुद्दाही कधीकधी पुढे येतो. आतून केलेला जोड बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे मी मान्य करतो. प्रत्येक कप्पा वाचत नाही. अपघातात तळच फाटला असेल, प्लास्टिक इतके जुने झाले असेल की बोटाने दाबल्यावर भुगा पडतो, किंवा आधी कुणी तीन-चार गोंद थापून जोडाची जागा नासवली असेल, तर बदलावाच. पण तेव्हाही नव्याच्या आधी जुन्या बाजाराकडे बघावे. दिल्लीची मायापुरी आणि मुंबईतले कुर्ला हे जुन्या सुट्या भागांचे बाजार सगळ्यांना माहीत आहेत. नांदेडलाही भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग सोडवून विकणारे आहेत. एका बाद गाडीचा धड कप्पा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीला सहज बसतो. आणि तो बसवण्याजोगा नसला तरी त्याचे कान, खटका आणि पीपीच्या पट्ट्या कामाला येतात. कुरुंद्यातल्या त्या पोराच्या फळीवर असे मोडके कप्पे रचून ठेवलेले आहेत, ते यासाठीच.

तेव्हा माझी मागणी तीन ठिकाणी आहे. कंपन्यांच्या सुट्या भागांच्या यादीत खटका, पिन आणि अडकणीचे कान यांना स्वतंत्र क्रमांक देऊन ते सुटे विकायला ठेवावेत. आणि कान कप्प्याच्या भिंतीतच ओतण्याऐवजी स्क्रूने बसणारा वेगळा तुकडा म्हणून करावेत, म्हणजे मोडला की तेवढाच बदलता येईल. दुसरी मागणी अशी की आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतात तिथे लोखंडाच्या जोडकामाबरोबर प्लास्टिकची ओळख आणि त्याचे जोडकाम शिकवावे. गाडीतले प्लास्टिक दर पिढीगणिक वाढते आहे आणि वसमत-कळमनुरीच्या पोरांना ते शिकायला अजून फक्त एकमेकांचे हात बघावे लागतात.

तिसरी मागणी गावातल्या गॅरेजवाल्यांकडे. कप्पा दुरुस्त करून दिला की त्याचे बिल द्या. बिलावर लिहा: प्लास्टिक कोणते होते, जोड कसा केला, खटका नवा की जुना, आणि किती महिन्यांत सुटला तर फुकट करून देणार. ग्राहकानेही ते मागून घ्यावे. उद्या काउंटरवर कुणी वॉरंटीचा प्रश्न काढला, किंवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली हिंगोलीच्या जिल्हा आयोगापुढे जायची वेळ आली, तर तोंडी शब्दाचा उपयोग होत नाही. बिल त्याच कप्प्यात, आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवावे.